ज्याला ‘औषध’ म्हणतात

भाजी घेताना आपली नजर कशावर असते? वांगे चकचकीत हवे, फ्लॉवरचा गड्डा पांढराशुभ्र हवा, भेंडीवर एकही डाग नको. एखाद्या वांग्याला बारीकसे छिद्र दिसले की ते पाटीत परत जाते. भाजीवाल्या मावशींना हे ठाऊक असते, त्यांच्या मागच्या अडत्याला ठाऊक असते आणि अडत्याच्याही मागे बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तर ते फारच चांगले ठाऊक असते. छिद्र दिसले की भाव पडला. मग तो पाठीवर पंप अडकवतो आणि ‘औषध’ मारतो.

हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपल्या खेड्यापाड्यांत कीटकनाशकाला सर्रास औषध म्हणतात. शेजारच्या तेलुगू मुलखातही तोच प्रकार. तिथे आजाऱ्याला देतात ते ‘मंदू’, पिकावर मारतात तेही ‘मंदू’ आणि गुत्त्यात मिळते त्यालाही लोक थट्टेने ‘मंदू’च म्हणतात! औषध म्हटले की ते घेणे भागच असते. नाही घेतले तर रोगी दगावेल अशी भीती असते. विषाला विष म्हटले असते, तर ते मारण्यापूर्वी माणूस निदान क्षणभर थांबला असता.

इतकी वर्षे हे औषध मारूनही कीड संपत का नाही? आणि ते न मारता शेती करता येते का? या दोन प्रश्नांची उत्तरे तेलंगणातल्या काही गावांना फार मोठी किंमत मोजून मिळाली. ती समजून घेण्यासारखी आहेत, कारण त्या गावांत पिकते ते शेवटी आपल्यासारख्यांच्याच घरी येते.

वरंगलचा तो हंगाम

१९९७-९८ चा हंगाम. वरंगल जिल्ह्यात तेव्हा कापूस हेच आशेचे पीक होते. त्या वर्षी पाने खाणारी अळी आणि बोंडअळी या दोघी कापसावर तुटून पडल्या. एक फवारणी झाली, दुसरी झाली, दहावी झाली. हंगामात पंधरा-वीस फवारण्या करणारे शेतकरी काही थोडे नव्हते. एक औषध लागू पडेना म्हणून दोन औषधे एकत्र, दोन्ही लागू पडेनात म्हणून तिसरे. अळी मात्र मरायला तयार नाही.

ही सगळी औषधे उधारीवर आणलेली असायची. गावोगावी औषधाचा दुकानदार हाच सावकारही असे. बियाणे त्याचे, खत त्याचे, औषध त्याचे, वर व्याजही त्याचे, आणि कापूस निघाला की तो त्यालाच घालायचा. कोणत्या अळीला कोणते औषध, हा सल्लाही त्याचाच! पीक गेले तेव्हा कर्ज तेवढे उरले. त्या हंगामात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वरंगल व आसपासच्या जिल्ह्यांत शेकडो कापूस उत्पादकांनी आत्महत्या केल्या. अळीला न मारणारे ते औषध माणसाला मात्र मारत होते.

त्या काळात देशातल्या लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के जमिनीवर कापूस होता आणि देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी त्या एकट्या पिकावर पडत होती. इतके विष ओतूनही अळी का मरत नव्हती?

कारणे दोन आहेत आणि ती कोणालाही समजतील अशी आहेत. पहिले असे की, हजारो अळ्यांवर औषध पडले तर बहुतेक मरतात, पण चार-दोन अशा निघतातच की ज्यांना ते विष पचते. पुढची पिढी त्यांचीच. त्यांच्या लेकरांनाही ते पचते. बोंडअळीची एक पिढी महिना-सव्वा महिन्यात पुरी होते, म्हणजे एकाच हंगामात तिच्या तीन-चार पिढ्या त्याच औषधाच्या शाळेत शिकून तयार होतात.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. शेतातले सगळे किडे पीक खात नाहीत. बरेचसे किडे दुसऱ्या किड्यांना खातात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो. कोळी तुडतुडे पकडतो. चतुर उडता उडता पतंग टिपतो. काही गांधीलमाश्या तर इतक्या चिमुकल्या असतात की त्या अळीच्या अंड्यातच आपले अंडे घालतात, मग त्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर पडते. शेतकऱ्याचे हे बिनपगारी राखणदार. औषध मारले की तेही मरतात. त्यांची संख्या किडीच्या मानाने मुळातच कमी, आणि ती भरून यायला वेळही जास्त लागतो. कीड आठ-पंधरा दिवसांत पुन्हा येते ती राखणदार नसलेल्या शेतात.

याचा सर्वांत मोठा धडा इंडोनेशियाने घेतला होता. तिथे सरकारने भातासाठीची कीटकनाशके भरघोस अनुदान देऊन स्वस्त केली होती. औषध जितके वाढले तितके तपकिरी तुडतुडेही वाढले. या तुडतुड्याची अंडी भाताच्या पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. फवारणीने वरचे कोळी मरतात, आतली अंडी तशीच उबतात. शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या अध्यक्षांनी एका आदेशाने ५७ कीटकनाशके भातासाठी बंद केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतले. भाताचे पीक बुडाले नाही. १९८९ पासून तिथे शेतकऱ्यांचे वर्ग बांधावरच भरू लागले. आठवड्यातून एकदा सर्वांनी शेतात उतरायचे, किडे मोजायचे, शत्रू किती, मित्र किती ते कागदावर चितारायचे आणि मगच काय करायचे ते ठरवायचे. आपल्याकडे कृषी खाते ज्याला ‘शेतीशाळा’ म्हणते, तिचे मूळ या वर्गांत आहे.

शेकोटी आणि पतंग

तेलंगणात सुरुवात झाली ती मात्र एरंडीच्या शेतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कोरडवाहू भागात लाल केसाळ अळीने उच्छाद मांडला होता. ही अळी थव्याने चालते, एक शेत फस्त करून दुसऱ्यात शिरते. तिच्या अंगावर इतके दाट केस असतात की औषध आत पोचतच नाही.

स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि काही कीटकशास्त्रज्ञ यांनी औषधाचा नाद सोडून अळीचे जन्मापासून मरणापर्यंतचे आयुष्य पाहिले. तेव्हा ध्यानात आले की अळीचे कोश उन्हाळाभर जमिनीत झोपलेले असतात. पहिला चांगला पाऊस झाला की कोशांतून पतंग बाहेर पडतात, आणि पतंगाला उजेडाचे वेड! मग गावकऱ्यांनी ठरवून पहिल्या पावसानंतरच्या रात्री शेताशेतांत शेकोट्या पेटवल्या, दिव्यांचे सापळे लावले. पतंग आपण होऊन येऊन पडले. जे पतंग मेले त्यांची अंडी नाहीत, अंडी नाहीत म्हणून अळ्या नाहीत. मात्र हे एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. शेजाऱ्याच्या शेतातले पतंग त्याच्या शेताची वाट विचारत बसत नाहीत. सगळ्या गावाने एकाच वेळी करायला हवे.

या कामातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिला ‘कीटकनाशकाविना कीड व्यवस्थापन’ असे नाव पडले. नाव जरा सरकारी थाटाचे आहे, पण काम अगदी घरगुती आहे.

पुनुकुला

खम्मम जिल्ह्यात पालवंचाजवळ पुनुकुला नावाचे गाव आहे. (जिल्ह्यांची फेररचना झाल्यावर ते आता भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात येते.) कापूस आणि मिरची ही तिथली पिके. ही दोन्ही पिके म्हणजे औषधाच्या दुकानदाराला जणू लग्नसराईच! गावात कर्ज होते, फवारणीने चक्कर येऊन पडणारी माणसे होती, आत्महत्याही झाल्या होत्या. १९९९ च्या सुमारास ‘सिक्युअर’ ही स्थानिक संस्था हैदराबादच्या सेंटर फॉर वर्ल्ड सॉलिडॅरिटीच्या साहाय्याने या गावात आली आणि औषधाशिवाय कापूस घेता येतो असे सांगू लागली.

लोकांचा विश्वास बसणे शक्यच नव्हते. ज्या अळीला महागातले महाग औषध मारू शकत नाही, तिला निंबोळीचे पाणी काय मारणार? शिवाय दुकानदार सांगत होतेच की, औषध मारले नाही तर पीक हातचे जाईल. आरंभी मोजकेच शेतकरी तयार झाले. पहिला हंगाम संपला तेव्हा त्यांचा कापूस इतरांइतकाच निघाला आणि औषधाचा खर्च मात्र जवळजवळ नव्हता. दुसऱ्या वर्षी आणखी काही जण आले.

पण गावाचे पारडे फिरवले ते बायकांनी. गावात त्यांचे बचत गट होते. फवारणी पुरुष करीत असले तरी औषधात मिसळायचे पाणी डोक्यावरून वाहून आणायचे बायकांनी, फवारणीचे कपडे धुवायचे बायकांनी, नवरा उलट्या करीत घरी आला की त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायचे तेही बायकांनीच. दवाखान्याचे बिल आणि दुकानदाराची उधारी या दोन्ही गोष्टी घरात कोणाला आधी टोचत असतील हे सांगायला नको. गटांच्या बैठकांतून हा विषय निघू लागला. घरोघरी नवऱ्याच्या मागे लकडा सुरू झाला. निंबोळ्या दळायचे यंत्र गावात आले आणि ते चालवायचे काम बायकांच्या गटाने घेतले. ज्या निंबोळ्या झाडाखाली सडून जात होत्या, त्या वेचून विकण्याचा रोजगार गावातल्या गरीब घरांना मिळाला.

२००३ मध्ये ग्रामपंचायतीने ठराव केला की या गावात कीटकनाशक वापरायचे नाही आणि औषधविक्रेत्यांनी इथे येऊ नये. गावाच्या वेशीवर तसा फलक लागला. जनगावजवळचे एनाबावी हे जेमतेम पन्नास घरांचे गाव त्याच्याही पुढे गेले. त्याने २००६ मध्ये रासायनिक खतेही सोडून सगळे गावच सेंद्रिय असल्याचे जाहीर केले.

कसे चालते हे?

औषधाऐवजी शेतात काय करतात ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एकच रामबाण उपाय नाही, छोट्या छोट्या युक्त्यांची साखळी आहे.

उन्हाळ्यात खोल नांगरट करायची म्हणजे जमिनीतले कोश वर येतात, ते उन्हाने मरतात किंवा पक्षी टिपतात. कापसाच्या चारी बाजूंनी ज्वारीच्या दाट ओळी पेरायच्या. वाऱ्यावर येणारे किडे त्या कुंपणाशी अडतात. कापसात मधूनमधून एरंडी आणि झेंडू लावायचा. यातली एरंडीची युक्ती फार सुंदर आहे. पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगिणीला कापसापेक्षा एरंडीचे रुंद पान आवडते. ती त्याच्या मागच्या बाजूला एकाच जागी शेकडो अंड्यांचा पुंजका घालते. अळ्या निघाल्या की पहिले काही दिवस त्या पानालाच चिकटून असतात आणि ते पान चाळणीसारखे जाळीदार दिसते. शेतातून चालताना लांबूनही ते ओळखू येते. ते एक पान तोडून चिरडले की शेकडो अळ्यांचा निकाल लागला. यासाठी लागतात दोन डोळे आणि दोन हात. तीच अळी मोठी होऊन शेतभर पसरली की मग पंधरा फवारण्यांनीही आटोक्यात येत नाही.

झेंडूच्या फुलावर बोंडअळीचे पतंग अंडी घालतात. चवळीच्या ओळीवर मावा येतो आणि माव्यापाठोपाठ ढालकिडे येतात, तेच मग कापसावरही राखण करतात. शेतात टी आकाराच्या काठ्या रोवल्या की कोतवाल, साळुंक्या त्यांवर येऊन बसतात आणि अळ्या वेचतात. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग फसून आत जातात. रोज किती पतंग पडले ते मोजले की अळीची लाट येणार की नाही हे आठवडाभर आधी कळते. पिवळ्या रंगाच्या पत्र्याला एरंडेल किंवा ग्रीस फासून टांगले की पांढरी माशी त्याला चिकटते.

इतके करूनही कीड वाढलीच तर निंबोळी अर्क आहे, लसूण-मिरचीचा अर्क आहे. निंबोळीने अळी औषधासारखी पटकन मरून पडत नाही, म्हणून पहिल्यांदा वापरणारा निराश होतो. ती अळीची खाण्याची वासना मारते आणि तिला कात टाकता येऊ देत नाही. अळी दोन-तीन दिवस पानावर दिसत राहते, पण खात नाही. हे ज्याला माहीत नाही तो दुसऱ्याच दिवशी दुकान गाठतो.

या सगळ्यात खरा बदल डोळ्यांचा आहे. पूर्वी शेतकरी शेतात किडा दिसला की पंप उचलायचा. आता तो आधी विचारतो, हा कोण? खाणारा की राखणारा?

गावाबाहेर

पुनुकुलाचे यश पाहून त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारच्या ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन संस्थेने २००४-०५ मध्ये हे काम बायकांच्या बचत गटांच्या महासंघांमार्फत इतर जिल्ह्यांत नेले. २००९ पर्यंत सुमारे तीन लाख शेतकरी आणि तेरा लाख एकरांहून अधिक जमीन या कार्यक्रमात आल्याची नोंद आहे. कृषी खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने खेड्यात येऊन भाषण ठोकण्याऐवजी, ज्यांनी स्वतः करून पाहिले अशा शेतकऱ्यांनाच दुसऱ्या गावी शिकवायला पाठवायचे, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. राज्याच्या विभाजनानंतर आंध्र प्रदेशाने २०१६ मध्ये नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या जीवामृत, बीजामृत, आच्छादन या पद्धतीचा मोठा वाटा होता. पाळेकरांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये या कार्यक्रमाला पोर्तुगालचा गुलबेंकियन पुरस्कार इतर दोघांसह विभागून देण्यात आला.

महाराष्ट्राला मात्र २०१७ साल वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. कापूस त्या वर्षी डोक्याएवढा वाढला होता. औषधांची मिश्रणे, जोराने फवारणारे पंप, ऑक्टोबरचा उकाडा, तोंडावर एखादा रुमाल, तोही नसला तर नाही. फवारा वरून खाली येई तो थेट फवारणाऱ्याच्या नाकातोंडात आणि अंगावर. यातली बरीच औषधे माणसाच्या नसांवर काम करतात. मज्जातंतूंतून निरोप गेल्यावर तो थांबवण्याची जी सोय शरीरात असते, तीच ती बंद पाडतात. किड्याच्या शरीरातही हेच घडते. विषाला माणूस आणि किडा यांतला फरक कळत नाही.

बीटी कापूस आल्यावर तरी फवारण्या थांबायला हव्या होत्या, असे कोणी म्हणेल. २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि पहिली काही वर्षे बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. हे मान्य केले पाहिजे. पण रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, आणि गुलाबी बोंडअळीला पुढे तेही विष पचू लागले. वरंगलमध्ये झाले तेच पुन्हा, फक्त या खेपेला विष पंपात नव्हते, बियाण्यातच होते.

घाई नको

नैसर्गिक शेतीचे नाव काढले की काही लोक भक्त होतात आणि काही लोक संतापतात. दोघांनीही जरा दमाने घ्यावे. ‘शून्य खर्चा’ची शेती असे काही नसते, कारण माणसाच्या श्रमाला मोल असते. पाला गोळा करणे, कुटणे, उकळणे, गाळणे हे सगळे काम बहुधा बायकांच्याच वाट्याला येते. विष गेले हे चांगलेच झाले, पण त्याच्या जागी आणखी एक घागर डोक्यावर आली. म्हणूनच काही गावांत तयार अर्क विकणारी दुकाने काढावी लागली. २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप घेतला होता. जीवामृताने सगळ्या पिकांची सगळी भूक भागते हा दावा तपासूनच घ्यायला हवा. आंध्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेले, २०२४ पर्यंत साठ लाख शेतकऱ्यांपर्यंत पोचण्याचे उद्दिष्टही गाठले गेले नाही.

खत आणि कीटकनाशक या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधणे तर फारच महागात पडू शकते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात एका फटक्यात बंद केली. शेतकऱ्यांना शिकवले नव्हते, पुरेसे शेणखत-कंपोस्ट नव्हते. भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुनुकुलाने आधी फक्त कीटकनाशक सोडले, तेही मोजक्या शेतांपासून आणि तीन-चार हंगाम घेऊन. वरून हुकूम आला नव्हता. शेजाऱ्याचे शेत पाहून माणसे वळली होती.

आपल्या घरी

शहरातल्या कुटुंबाने यात काय करावे? सर्वांत आधी भोक पडलेल्या वांग्याबद्दलचा राग थोडा आवरावा. कीड लागलेला भाग कापून टाकता येतो, पण आत मुरलेले विष कापता येत नाही. पालेभाजी आणि फळभाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरचा बराचसा अंश निघून जातो. कोबीची बाहेरची दोन पाने काढून टाकावीत. मात्र जी औषधे झाडाच्या रसातून आतपर्यंत जातात, ती धुऊन निघत नाहीत. त्यांच्यासाठी फवारणी आणि तोडणी यांमध्ये जितके दिवस ठेवायला सांगितलेले असतात, तितके शेतकऱ्याने ठेवणे हाच उपाय. भाव वर चढला की हे दिवस पाळले जात नाहीत. म्हणून हंगामातली भाजी हंगामात खावी. पावसाळ्यात फ्लॉवरचा हट्ट धरला की त्यासाठी कोणीतरी पंप पाठीवर घेतोच.

सेंद्रिय म्हणून काही विकत घेत असाल तर पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे का ते पाहावे. नुसते ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘गावरान’ असे छापायला काही लागत नाही. शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट माल घेत असाल तर त्यांनी एकमेकांच्या शेतांची तपासणी करून मिळवलेले ‘पीजीएस’ प्रमाणपत्र विचारावे. विचारण्यात संकोच कसला? ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

आणि एक गोष्ट अगदी आजच करावी. घरात, गच्चीवरच्या बागेत, गावाकडच्या माळ्यावर कीटकनाशकाचा रिकामा डबा पडला असेल तर तो कशासाठीही, अगदी खिळे ठेवायलाही वापरू नये. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते विष अति जहाल आहे असे समजावे. पिवळा, निळा, हिरवा ही त्याच्या उतरत्या पायऱ्यांची खूण. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले मधले जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. तपासात दिसले ते असे की तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते.

कुंडीतल्या गुलाबावर किंवा मिरचीवर मावा दिसला तर आधी मुलांना भिंग देऊन तिथे बसवावे. माव्याच्या आसपास काळपट रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी असेल तर तिला हात लावू नये. ती ढालकिड्याचे पिल्लू आहे. दिसायला भयंकर, पण दिवसाला डझनांनी मावा फस्त करते. बिचारी कितीदा तरी कीड समजून चिरडली जाते. ती नसेल आणि मावा फारच झाला असेल, तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळावे, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा म्हणजे अर्क पानाला धरतो. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हाने निंबोळीचा गुण लवकर जातो. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून गळतात. तेव्हाच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत संपवाव्यात. जुन्या निंबोळीत जोर राहत नाही.